ऐंशी सेंटिमीटरात ब्लाऊज

सोमवार, ५ जानेवारी

शलाका काल बदलापूरहून आली आणि आईसाठी साडी ठेवून गेली. आमसुली रंग, अंगभर बारीक बुट्टी, मोरपिशी काठ. आमच्या लेकीचं नवं घर तयार झालं, आठ फेब्रुवारीला वास्तुशांत आहे. जिजा साडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग घडी घालून म्हणाली, "छान आहे. पण मी काही येत नाही."

"का गं?"

"गाऊन घालून येऊ वास्तूला? व्याह्यांसमोर?"

दसऱ्याआधी माळ्यावरची पातेली काढताना ती स्टुलावरून पडली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड आता सांधलंय, पण हात वर जात नाही, मागे जात नाही. ब्लाऊज चढवता येत नाही म्हणून गाऊन, आणि गाऊनवर कुठे जायचं म्हणून घर. तीन महिने झाले, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डॉक्टर म्हणतात, हाताला काम द्या, नाहीतर असाच राहील. व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रोज वीस वेळा. जिजा त्या कागदाकडे ढुंकून बघत नाही. उजवा हात मांडीवर ठेवते आणि म्हणते, "हा आता पाहुणा. त्याला काम सांगू नका."

आणि हीच ती बाई, जिने चाळीस वर्षं अख्ख्या कॉलनीची ब्लाऊजं शिवली! मशीन गॅलरीच्या दाराशी झाकलेलं असतं. त्यावर हल्ली औषधांचा डबा.

दुपारी उगाच शाळेतला कवितेचा तास आठवला. गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात भुजंगप्रयात म्हणायचो. खिडकीबाहेर चिंचेचं झाड असायचं, तेही डुलतंय असं वाटायचं. त्याच ठेक्यावर दोन ओळी सुचल्या:

कपाटात साडी तुझी वाट पाहे
उन्हे गॅलरीची तुला हाक देती

जिजाला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "कवितेत गॅलरी?"

बुधवार, ७ जानेवारी

शलाका फोनवर म्हणाली, "आई, टेलरकडून शिवून घेऊ ना. खांद्यावर उघडणारं ब्लाऊज शिवतात हल्ली." जिजाचं उत्तर: "लग्न झाल्यापासून परक्याच्या हातचं ब्लाऊज अंगाला लावलं नाही. आता लावू होय?"

तरीही मी साडीचा ब्लाऊजपीस पिशवीत घालून गुपचूप स्टेशनजवळच्या टेलरकडे गेलो. त्याने टेप टाकला आणि मान हलवली. "आजोबा, खांदा उघडा, कोपरापर्यंत बाही, त्याच्या पट्ट्या, आणि कापड ऐंशी सेंटिमीटर? मीटर तरी पाहिजे."

मग रिक्षाने उल्हासनगरला, धर्मेशच्या दुकानात. जिजा वर्षानुवर्षं त्याच्याकडून अस्तर घ्यायची. त्याने कापड उजेडात धरलं. "साईं, ये लॉट गया. आता मिळणार नाही. मॅचिंग देतो ना, उन्नीस-बीस."

"एकोणीस नेलं तर ती तुला आणि मला दोघांनाही एकत्र शिवून टाकील."

धर्मेश हसला. "भाभी कुठे आहेत? अस्तर हातात घेऊन सांगायच्या, किती धुण्यात आटणार. त्यांच्यानंतर तसं गिऱ्हाईक नाय आलं."

घरी आल्यावर जिजाला हे सांगितलं. वाटलं, खूष होईल. ती भिंतीकडे तोंड करून निजली. मी काय चुकीचं बोललो, देव जाणे.

येताना रिक्षा एमआयडीसीच्या रस्त्याने आली होती. शिफ्ट सुटत होती. चौतीस वर्षं मी तिथेच एका कारखान्यात पत्र्यावर आखणी करायचो. कपाटांचे, पेट्यांचे, यंत्रांवरच्या आवरणांचे भाग एका पत्र्यात असे बसवायचे की वाया काही जाऊ नये. साहेब म्हणायचे, सदूच्या पत्र्यातून भंगारवाल्याला उपास. वृत्तातली ओळ असते ना, बारा अक्षरं म्हणजे बारा, तेरावं घुसू द्यायचं नाही, तशीच ती आखणी.

ज्याने हजारो पत्रे मांडले त्याला ऐंशी सेंटिमीटर कापड भारी आहे का? मीच शिवणार. मी काही परका नव्हे.

रविवार, ११ जानेवारी

आज जाहीर केलं.

"तुम्ही?" जिजा म्हणाली. "पायजम्याची नाडी घालता येत नाही तुम्हाला."

"माप तर दे."

माप घेतलं, वहीत लिहिलं. ती वाकून वाचू लागली. "छाती नऊशे ऐंशी? ही काय पाण्याची टाकी आहे?"

"मिलिमीटर आहेत. अचूक असतं."

"इंचात लिहा. मी बाई आहे."

माझी कल्पना अशी. पाइप जागेवरून हलत नसेल तर आवरण त्याच्याभोवती फिरवून मग बंद करतात. तसंच इथे. डावा हात नेहमीसारखा बाहीत घालायचा, पाठ मागून आणायची आणि उजवी बाही गळ्यापासून कोपरापर्यंत वरून उघडी ठेवायची. हात आहे तिथेच राहील, कापड त्याच्याकडे येईल. मग वर प्रेस बटणं. नऊ पुरतील.

माझ्या वडिलांची अंगात घालायची कोपरी आठवली. गावी ते स्वतःच शिवायचे, दिवाळीनंतर, भात झोडून झालं की. सगळे तुकडे सरळ, चौकोनी, हाताने टरकावलेले, आणि काखेत एक चौकोनी तुकडा, म्हणजे कुदळ मारताना ओढत नसे. खाली जमिनीवर चिंधी पडायची नाही. पडली तर आई ती कंदिलाची काच पुसायला उचलायची. त्या काचेतून पडणारा उजेड मला अजून दिसतो. काखेतला तुकडा मी घेणारच.

मंगळवार, १३ जानेवारी

जुन्या वर्तमानपत्राचे भाग कापले. पाठ, पुढचा भाग, बाही, पट्ट्या, काखेतला तुकडा. जेवणाच्या टेबलावर खडूने कापडाएवढा आयत आखला आणि त्यात कागद सरकवत बसलो. दोनदा चहा गार झाला. बाही उभी ठेवली की पट्टी बाहेर, पट्टी आत घेतली की बाही बाहेर. पण काय आनंद! निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, इतकं मन लावून मी काहीच केलं नव्हतं.

जिजा आधी खाटेवरून बघत होती. मग खुर्ची ओढून टेबलाशी आली. चहा पिता पिता म्हणाली, "बाही आडवी घातलीत. कापड आडवं ताणतं. दोन धुण्यांत कोपराला पिशवी लोंबेल."

"पत्र्याला असं काही नसतं."

"मग पत्र्याचं शिवा." असं म्हणून तिने माझ्या कोपराखालचा कागद खस्सकन ओढून घेतला आणि टेबलाच्या पार पलीकडे नेऊन उभा ठेवला. डाव्या हातात भरलेली कपबशी होती, थेंब सांडला नाही. बाकी स्वभाव मात्र फार चिडचिडा झालाय. व्यायामाचं विचारलं तर म्हणे, "आज दमले."

शुक्रवार, १६ जानेवारी

बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. दारात तिळगुळाचा वास, साड्यांची सळसळ. जिजाने आतून मला खूण केली. मी सांगितलं, झोपली आहे. त्यांच्यातली एक म्हणाली, "काकी हल्ली नेहमी झोपलेल्याच असतात, काका." वाईट हेतूने नाही म्हणाली.

त्या गेल्यावर जिजा म्हणाली, "ते मशीन विकून टाका. जागा अडते."

कविता सुचली नाही. कागद टेबलावर तसेच पडून राहिले.

सोमवार, १९ जानेवारी

मशीन विकायचं तर त्याआधी वापरून घेऊ, असं म्हणून औषधांचा डबा हलवला. जुन्या पांढऱ्या चादरीतून कच्चं ब्लाऊज कापलं. ऐंशी सेंटिमीटरात बरोबर बसलं! पुढच्या भागाचा कागद एकच केला होता. दुसऱ्यांदा तो तसाच गोल फिरवून डोक्याकडे पाय करून ठेवला, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांच्या कुशीत बसतात. पत्र्यातही हेच करायचो. नंतर एक भाग पालथा घातला की डावा-उजवा तयार.

शिवलं. जिजाच्या अंगावर चढवलं. पहिलं बटण लावलं, दुसरं लावलं, आणि पाठीत टरकन आवाज झाला.

"शिलाईला किती सोडलंत?"

"दोन मिलिमीटर. भरपूर झाले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, ते काय वेल्डिंग आहे?"

मग तिने समजावलं. पाऊण इंच सोडायचा, कापड दुमडलं की खातं, त्यात उद्या वजन वाढलं तर उसवायला जागा नको? पत्रा कधी जाड होत नाही, बाई होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती इतकं सलग किती दिवसांनी बोलली असेल? पण पाऊण इंच सोडल्यावर ऐंशी सेंटिमीटरात कसं बसणार, हे तिने सांगितलं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

बसवलं! पाच दिवस लागले. गळ्याचा जो अर्धगोल कापून पडतो, त्यातच काखेचे दोन्ही तुकडे निघतात. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या, खोलगट जागेत बटणपट्टी. काठाची किनार बाहीला. शेवटी उरलं ते मुठीत घेतलं आणि मूठ मिटली, तर बाहेर काही दिसेना.

दुसरं कच्चं ब्लाऊज, उरलेल्या अर्ध्या चादरीचं, जिजाच्या अंगावर बरोबर बसलं. ती आरशासमोर उभी राहिली. आधी समोरून, मग बाजूने. "गळा खोल केलात," म्हणाली, आणि कात्री उचलून बाहीचे लोंबणारे दोरे कचाकच कापून टाकले. मग कात्रीची धार गेली म्हणून मला बोल लावले. मी कात्रीने वर्तमानपत्र कापलं, हा माझा गुन्हा.

माझा चेहरा फुललेला असणार. तिने म्हटलं, "अजून खऱ्या कापडाला हात लावायचाय. आत्ताच काय फुगताय?"

बुधवार, २८ जानेवारी

काय लिहू.

जिजा दुपारी झोपली होती. वाटलं, उठेपर्यंत कापून ठेवू, चकित होईल. कापड पसरलं, कागद लावले, खडूने आखलं. चौतीस वर्षांची सवय. कात्री अशी गेली की पुन्हा कारखान्यात उभा आहे असं वाटलं. सगळे भाग ओळीने मांडले.

आणि मग एक पुढचा भाग पालथा घातला, डावा करायला. आणि त्याची उलटी बाजू वर आली.

पत्रा दोन्हीकडून सारखा. चादरही सारखी. पण या कापडावर बुट्टी एकाच बाजूला. दुसरीकडे नुसते लोंबते धागे आणि फिकट रंग. मी दोन्ही भाग उजवेच कापले होते. डावा नाहीच. आणि धर्मेशने सांगितलंय, लॉट गेला.

एक बोटभर कापडही वाया जाऊ दिलं नाही म्हणून मिरवत होतो. सगळंच वाया घालवलं. ती आता येणार नाही वास्तूला. माझ्या हाताने मी दार लावून घेतलं.

तुकडे पिशवीत घालून गादीखाली ठेवले आणि शिवमंदिरापर्यंत चालत गेलो. आत गेलो नाही. बाहेरच्या पारावर बसलो आणि परत आलो.

गुरुवार, २९ जानेवारी

चादर बदलताना तिला पिशवी सापडली. टेबलावर सगळे तुकडे मांडून बसली होती. मी दारात उभा. खाली मान.

"दोन्ही उजवे?"

"हो."

"दोन्ही?"

"हो गं."

आणि जिजा हसायला लागली. अशी हसली की खुर्चीचा हात धरावा लागला. डोळ्यांतून पाणी. "अगं बाई... तुमच्या बायकोला दोन उजवे हात असते तर कशाला..." पुढचं बोलताच येईना. शेजारचे बबनराव दारात येऊन गेले, काय झालं बघायला. मला रागही आला. माझ्या कष्टांचं हसं.

मग डोळे पुसून तिने तो भाग उचलला, उलटीकडून बघितला, उजेडात धरला. "पदर कुठल्या खांद्यावर घेतात?"

"डाव्या."

"मग डावा भाग पदराखालीच जातो ना? लोंबते धागे कापून टाकू, आतून अस्तर लावू म्हणजे टोचणार नाही. उलटी बाजू बाहेर राहील, राहू दे." आणि मग आवाज खाली आणून, जणू भिंती ऐकतील: "चाळीस वर्षांत किती जणींच्या पदराखाली मी जोड दिलेत, माहितेय? कापड आणायच्या हातभर आणि बाही मागायच्या कोपरापर्यंत. एकीलाही कळलं नाही अजून. तुम्ही बोलाल तर खबरदार."

इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

माझा उद्योग गेला. मी मशीनवर बसलो, पहिली टीप मारली, ती म्हणाली, "उठा." मी म्हटलं, दिसत नाहीये का, सरळ आहे. ती म्हणाली, "साप सरपटत गेल्यासारखी दिसतेय. उठा." आणि स्वतः बसली. चाकाला हात घालून एक झटका दिला, पाय मारला, आणि मशीन असं बोलायला लागलं जसं मध्ये काही घडलंच नाही. तो आवाज! शलाका लहान असताना त्या आवाजावर झोपायची. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

मला काम उरलं ते सुईत दोरा ओवायचं आणि बटणांच्या जागा आखायच्या. त्या मात्र मी मिलिमीटरातच आखल्या.

चार तास बसली. फ्रिजवरच्या कागदाची आठवण करून दिली तर म्हणे, "वेळ कुठाय?" ही बाई व्यायाम कधी करणार? डॉक्टरांना काय तोंड दाखवू?

शनिवार, ७ फेब्रुवारी

ब्लाऊज तयार. इस्त्री करून हँगरवर लावलंय. येता-जाता बघतो. उद्या ते तिच्या अंगावर असेल आणि शंभर माणसांत एखादं बटण सुटलं तर? पाचवं आणि सहावं, बरोबर खांद्याच्या वळणावर आहेत. तिथे ताण येतो. तिथे दोन दोन लावायला हवी होती. जिजाला सांगितलं तर म्हणाली, "माझी शिलाई आहे ती. गप झोपा."

रविवार, ८ फेब्रुवारी

आधी बटणांचं लिहितो. एकही सुटलं नाही.

सकाळी ती आतल्या खोलीतून साडी नेसून बाहेर आली. चार महिन्यांनी. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, ती म्हणाली, "गॅलरी नको." जावई राजेंद्र गाडी घेऊन आले होते. ते म्हणाले, "आई, काय दिसताय!" आणि तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ जिना उतरली, कठड्याला हात लावत. जिन्यात हळदीकुंकवाला बोलवायला आलेल्यांपैकी एक भेटली. "काकी! झोप झाली का?" "झाली बाई," जिजा म्हणाली.

बदलापूरला शलाकाच्या घरी पोचलो तेव्हा होमाची तयारी चालली होती. बायकांनी तिला घेरलं. मला वाटलं, लपवेल, पण नाही. "हे बघा, खांद्यावर उघडतं. यांनी कापलं, मी शिवलं. ऐंशी सेंटिमीटरात." राजेंद्रची आई स्वतःचा खांदा चोळत पुढे आली. "अहो, माझाही आखडलाय दोन वर्षं. मलाही द्या ना शिवून." जिजा म्हणाली, "मापाचं ब्लाऊज पाठवा. आणि कापड मीटरभर द्यायचं नाही, ह्यांचा अपमान होतो." सगळ्या हसल्या. मी आपला भिंतीला टेकून खांद्याच्या वळणावर डोळा ठेवून होतो.

जेवणाआधी दारावरचं तोरण एका टोकाने सुटलं. झेंडूच्या माळा खाली लोंबू लागल्या. राजेंद्र गुरुजींशी बोलत होते, शलाका ताटं मांडत होती. जिजा उठली, ते टोक उचललं, चवड्यांवर उभी राहिली आणि चौकटीवरच्या खिळ्यापर्यंत हात नेला. उजवा. पाचवं बटण! सहावं बटण! हात वर गेला, कानाच्या वर, डोक्याच्या वर, कापड ताणलं, पट्टीला एक सुरकुती पडली, आणि धरून राहिली. एकही नाही सुटलं! मी जवळजवळ टाळी वाजवली.

मागे ताटाचा आवाज झाला. शलाका ताट खाली ठेवून रडत होती. मला वाटलं, तिला ब्लाऊज इतकं आवडलं.

"नऊच्या नऊ टिकली," मी तिला सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "बटणं काय बघताय? हात बघा. आईचा हात बघा!"

मग बघितला.

तो हात खिळ्याभोवती दोऱ्याचे वेढे घेत होता. एक, दोन, तीन. मग गाठ मारली आणि बोटांनी ती ओढून पाहिली, जशी ती प्रत्येक बटणाची पाहते. मला ती टेबलावरची कपबशी आठवली, कचाकच चाललेली कात्री, मशीनचं चाक. चौतीस वर्षं मिलिमीटर मोजणारा माणूस मी. एक महिना माझ्या नाकासमोर.

बारा अक्षरांची एक ओळसुद्धा जमेना.

जिजाने हात खाली आणला, खांदा गोल फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काखेत जरा ओढतंय हो. विहीणबाईंचं कापताना तुकडा अर्धा इंच मोठा घ्या."

"घेतो," मी म्हटलं. "पण ऐंशीतच बसवीन."